पाव गोळी

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणचं. लग्नाआधी मी धाटावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होते. तिथं काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभं राहायची सवय लागली. लग्नानंतर सासऱ्यांच्या औषधाच्या दुकानात बसू लागले. फार्मसीची पदवी माझी, पण काम काय, तर पाकीट काढायचं, कात्रीनं कापायचं, पिशवीत टाकायचं.

एका सकाळी खाडीकाठच्या गावातली एक बाई आली. नवरा मिठागरात कामाला. काखेत काही महिन्यांची मुलगी, ओठ किंचित निळसर. पोरीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. मुंबईला ऑपरेशन ठरलं होतं, पण आधी वजन वाढायला हवं होतं. तोवर हृदयावरचा भार कमी ठेवायला एक गोळी होती, मोठ्या माणसांना बीपीसाठी देतात तीच. बाळांसाठी तिचं पातळ औषध आमच्याकडे कुठंच मिळत नव्हतं. म्हणून सगळे सांगत, चार तुकडे करा आणि पाव गोळी चुरून दुधात द्या.

तिनं काउंटरवर कागदाची पुडी उघडली. आत एक मोठा तुकडा, दोन लहान, बाकी चुरा.

"ताई, यातली पाव गोळी कुठली ती दाखव."

मी पुडीतले तुकडे बोटानं सारून पाहिले. तीच पुढं म्हणाली, "परवा पोर गार पडली, मान टाकली. दवाखान्यात नेली म्हणून वाचली, गोळी जास्त गेली म्हणाले. आता घरात सगळी मलाच बोलतात, तुला गोळी नीट तोडता येत नाय. तर तू तोड. चार सारखे तुकडे करून दाखव, मग मी मानीन माझी चूक."

मी नवी गोळी घेतली, गोळ्या तोडायच्या कटरनं तोडली, चारही तुकडे दुकानातल्या बारीक वजनाच्या काट्यावर ठेवले. एकाचंही वजन दुसऱ्याशी जुळेना. शेवटचा तर हातातच भुगा झाला.

"तुझी चूक नाही," मी म्हणाले. "अशी गोळी कुणालाच तोडता येणार नाही."

तिनं पुडी बंद केली नाही. "मग काय करायचं ते बोल."

काय करायचं ते मला ठाऊक होतं. कॉलेजात शिकवलं होतं. गोळ्या खलात एकजीव घोटायच्या, योग्य द्रवात मिसळायच्या, म्हणजे प्रत्येक थेंबात औषध सारखं उतरतं. मग सुईविना सिरिंजनं बाळाला हवं तेवढंच देता येतं. प्रॅक्टिकलला आम्ही हसायचो, हे आता कोण करतं म्हणून.

सासरेही तेच म्हणाले. "अगं, पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर मिक्श्चर करून द्यायचे, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवायचे. ते दिवस गेले. आपण विकणारी माणसं. उद्या पोरीला काही झालं तर दुकानाला कुलूप लागेल."

"आत्ता काही झालं तर कुणाला कुलूप लागेल, बाबा?"

ते उठून आत गेले. मी मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडून वैतागलेला आवाज आला, "मॅडम, गावाकडं सगळे गोळीच तोडतात."

"म्हणूनच फोन केलाय. एका मिलीत औषध किती हवं आणि बाळाला किती मिली द्यायचं, तेवढं लिहून पाठवा. मी बनवते."

मग त्यांनी विचारलं, कोणत्या द्रवात मिसळणार, किती दिवस टिकेल, साखर असेल का. आवाजातला वैताग गेला होता. नवी चिठ्ठी संध्याकाळी मोबाइलवर आली.

द्रव मुंबईहून मागवला. दुकानामागची खोली घासून घेतली, टेबलावर काच टाकली, टोपी-मास्क चढवला. घोटताना दंड भरून आला, पण कण एकसारखा होईपर्यंत थांबले नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: हलवून द्या, फ्रीजमध्ये ठेवा, या तारखेनंतर फेकून द्या. बाईकडे फ्रीज नव्हता. शेजारणीकडं होता. "तिला सांगते, आईस्क्रीम खा, पण बाटलीला हात लावू नको," ती म्हणाली. सिरिंज कुठल्या रेघेपर्यंत भरायची ते मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा पाण्यानं करून घेतलं. ती एकदाही चुकली नाही.

काही आठवड्यांनी अन्न-औषधवाले निरीक्षक आले. कुणीतरी तक्रार केली होती, ही बाई घरात औषधं बनवते. सासरे घामाघूम झाले.

"मॅडम, कारखान्याचं लायसन्स आहे?"

"नाही. मी कारखाना नाही, फार्मासिस्ट आहे. ही बाटली फळीवर विकायला ठेवलेली नाही. ही एका बाळाची आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्याच बाळापुरती. आता मला सांगा, मी थांबवलं तर उद्या तिच्या आईला काय देऊ? कटर?"

त्यांनी चिठ्ठी वाचली, खोली पाहिली, काटा तपासला. जाताना म्हणाले, खोलीला वेगळं दार करा आणि सिंक बसवा. मी दोन्ही करून घेतलं. बंद मात्र केलं नाही.

पोरीनं वजन धरलं. ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा तिची आई आली, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. "घरात आता मना कोण बोलत नाय," ती म्हणाली आणि हसली, "बोलली तर मी ऐकत पण नाय."

आता वडखळच्या पुढूनही लोक येतात. कुणाला गिळता येत नाही, कुणाच्या अंगावर मलमातल्या सुगंधी द्रव्यानंच पुरळ उठतं. घाऊक व्यापारी अजून म्हणतो, मॅडम, कशाला डोक्याला ताप, तयार माल विका. काही औषधांना मी स्वतःच नाही म्हणते, कारण घोटली की ती बिघडतात. पण लोक करत नाहीत म्हणून नाही म्हणायचं, ते मला जमणार नाही.