सरांचं ‘आत्ता’

सरांना त्यांच्या पीएच.डी.च्या गाइडनं फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी माझी समजूत घालणार नाही.

पांढरकवड्यात माझ्या कापसाच्या दुकानावरच्या खोलीत सर भाड्यानं राहत, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्यासमोर ‘आत्ता’ म्हणायची सोय नव्हती. मी फोनवर ओरडायचो, “ट्रक आत्ताच्या आत्ता पाह्यजे!” की जिन्यावरून आवाज यायचा, “कोणाचं आत्ता, शेठ? तुमचं का ड्रायव्हरचं?”

“सर, तुमच्यापायी माल राहून जाईन माहा!”

एका संध्याकाळी हायवेवर त्यांनी मला समजावलं. या क्षणाची स्थिती आणि ऊर्जेचं सूत्र हाती असलं, की पुढचं सगळं काढता येतं, ही त्यांची पद्धत. पण उभ्या माणसाचा क्षण वेगळा, धावणाऱ्याचा वेगळा. मग कोणता धरायचा? तेवढ्यात हैदराबादकडून ट्रक आला. सर म्हणाले, “त्याचा उजेड आधी त्या बाभळीले लागला, मंग आपल्याले. जिथं जवा उजेड पोचला, तो तो क्षण मिळून एक आत्ता धरा. गणित सोपं होते.” युक्ती जुनी, हेही त्यांनीच सांगितलं. पण तसं धरलं की रिकामी जागा, म्हणजे निर्वात पोकळी, गणितात फारच रिकामी दिसते, आणि खरी ती तशी नसते. ती गाठ सरांनी सोडवली. कितीतरी उन्हाळे त्यात गेले.

त्या कामाचा लेख छापून आला, तो एकट्या गाइडच्या नावानं. सर शेवटी, आभारात, टायपिंग करणाऱ्याच्या शेजारी.

मी सरांना ओढतच गाइडकडे नेलं. गाइड शांतपणे म्हणाले, “ही कल्पना त्याच वेळी मलाही सुचली होती.” मी सरांकडे पाहिलं. मनात म्हटलं, विचारा ना आता, कोणाच्या वेळी! सर बुटांकडे बघत राहिले. मी टेबलावर हात आपटला. गाइडनं लेख माझ्यापुढं सरकवला. “यातली यांची ओळ कोणती, तुम्हीच दाखवा.” कापसातली ओल मला नुसत्या हातानं कळते. त्या पानावर काहीच कळेना.

बसमध्ये मी भडकलो, “काहून गप बसले, सर?”

“त्यायनंच शिकवलं मले, शेठ. त्यायच्यासमोर तोंड उघडत नाही.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “गाठ तं सुटली ना.”

सर गेल्या वर्षी वारले. कॉलेजच्या शोकसभेत गाइडचा संदेश वाचून दाखवला: ‘कष्टाळू विद्यार्थी. स्वतंत्र काम राहून गेलं.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मीही बसूनच राहिलो. उठून काय दाखवणार होतो?

मला ते गणित येत नाही. गाइडसाहेब, तुम्हाला येतं. ती गाठ कोणी सोडवली, ते तुम्ही सांगा.