कंप्युटरनं लावलेली लग्नं

चहा जरा बाजूला ठेवा. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तोंडात घोट असला, तर तो समोरच्याच्या सदऱ्यावर जाईल. मी नोकरीत एकदा असा गोंधळ घातलाय, असा घातलाय, की अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात मास्तरांच्या घराघरातनं भांडी आपटल्याचे आवाज येत होते! आणि मजा म्हणजे, शेवटी त्याच कामाबद्दल माझ्या गळ्यात हार पडला. तो हार कसा पचला ते पुढे सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी, वसंत बिराजदार, सरकारात प्रोग्रॅमर होतो. हसू नका! आज गल्लोगल्ली प्रोग्रॅमर सापडतात. तेव्हा आमच्या ऑफिसात मी एकटा. कंप्युटर म्हणजे काय हेच लोकांना ठाऊक नव्हतं. आमच्या मामांची तर पक्की समजूत होती की मी रेडिओ दुरुस्त करतो. दर दिवाळीला बंद पडलेला ट्रान्झिस्टर काखेत मारून यायचे आणि म्हणायचे, "सरकारी माणूस घरात असताना बाहेर कशाला द्यायचा?"

बरं, कंप्युटर सोलापुरात होता म्हणता? छे हो! तो मुंबईत, थंडगार खोलीत, राजासारखा. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात होती ती नुसती कार्डं. जाड कागदाची, लांबोडकी. एका माणसाची माहिती एका कार्डावर, तीही अक्षरांत नाही, भोकांत! आमच्या टायपिस्ट मुली मशीनवर खटाखट भोकं पाडायच्या. यंत्रानं त्या माहितीचं काय करायचं याच्या सूचना, म्हणजे प्रोग्रॅम, तो मी लिहायचा. त्याचीही कार्डंच. मग सगळी खोकी रेल्वेनं मुंबईला जायची आणि तिकडून छापील कागदांचे गठ्ठे परत यायचे.

एक दिवस शिक्षणाधिकारी जगदाळेसाहेबांनी मला बोलावलं. मोठा उमदा माणूस, पण त्या दिवशी अगदी वैतागलेला.

"बिराजदार, शिक्षकांच्या बदल्या म्हणजे वशिल्याची जत्रा झालीय. घरी जेवायला बसलो तरी दारात माणूस उभा. यंदा बदल्या तुमच्या यंत्राकडून करून घ्या."

"करू की साहेब!"

"आणि सुरुवात जोडप्यांपासून. नवरा-बायको दोघंही शिक्षक, पण तो एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला. त्यांचे हाल बघवत नाहीत. त्यांना आधी एका गावात आणा."

आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब तिथंच उभे होते. त्यांचा कंप्युटरवर दात. म्हणाले, "साहेब, कागदाला भोकं पाडून संसार जुळतात होय? हे फसलं तर सगळी बोंब आपल्या नावानं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "हे फसलं, तर कार्डं गुंडाळायची. आणि तुम्हीही मुंबईला परत."

मुंबईला परत! तिथं चाळीत गादीला गादी लावून झोपण्यातनं सुटून मी नुकता कुठं आपल्या गावात आलो होतो. नवीन लग्न, नवीन बिऱ्हाड. फसून चालणारच नव्हतं.

आणि पहिल्याच पायरीला अडलो. शिक्षकांची कार्डं आधीच पाडून तयार होती. नाव, शाळा, बाई की पुरुष, सगळं होतं. पण कोण कुणाची बायको, ते कुठंच नव्हतं! सगळी कार्डं परत पाडायची म्हणजे यंदाच्या बदल्या पुढच्या वर्षावर गेल्या असत्या.

मग मला कल्पना सुचली. अहो, काय कल्पना! मी माझ्याच पाठीवर थाप मारायची तेवढी बाकी ठेवली होती. आपल्याकडं बाईच्या नावात मधलं नाव कुणाचं असतं? नवऱ्याचं! म्हणजे बाई जर 'लक्ष्मी रामचंद्र जाधव' असेल, तर 'रामचंद्र जाधव' नावाचा मास्तर शोधायचा, की झाली जोडी! यंत्राला सांगायचं, बाईचं मधलं नाव आणि आडनाव ज्या पुरुषाच्या नाव-आडनावाशी जुळेल, तो तिचा नवरा.

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "वा! वा बिराजदार!"

भाऊसाहेब म्हणाले, "गठ्ठा आला की नजरेखालनं घालू एकदा."

मी काय बोललो माहितेय? "भाऊसाहेब, यंत्राचं गणित माणसानं तपासायचं?"

तुमच्या लक्षात आलं असेल आत्तापर्यंत. हो ना? माझ्या नाही आलं! गठ्ठा आला, त्यावरनं आदेश टाईप झाले, सह्या झाल्या, पोस्टात पडले. 'श्री. अमुक व त्यांच्या पत्नी श्रीमती तमुक यांची एकाच गावी बदली करण्यात येत आहे.' मी दोन दिवस छाती काढून हिंडत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचं दार धाडकन उघडलं. दारात मैंदर्गीचे पाटील गुरुजी. पांढरं धोतर, काळा कोट, आणि चेहरा लालबुंद. मागं एक तरुण मुलगी, पदर तोंडाला लावून. रडत होती की हसत होती, देव जाणे.

"कोण हाय तो बिराजदार?"

"मी. बसा ना गुरुजी."

"बसायला न्हाय आलो! अय्यो, हे काय लिवलंय तुमी?" त्यांनी आदेश माझ्या नाकासमोर फडकावला. "मल्लिनाथ पाटील व त्यांच्या पत्नी शांता मल्लिनाथ पाटील!"

"हो. तुम्हाला दोघांना एका गावात..."

"अरे, ही माझी पोरगी हाय! लगीन व्हायचंय तिचं अजून!"

मी कपाळावर हात मारून घेतला. लग्न न झालेल्या मुलीच्या नावात मधे बापाचं नाव असतं! हे सोलापुरात शेंबड्या पोराला ठाऊक. मला ठाऊक. पण मी यंत्राला सांगायला विसरलो होतो!

मी हात जोडले. गुरुजींना पाणी दिलं. ते थोडे शांत झाले. मग चष्मा लावून त्यांनी आदेश परत वाचला, आणि हळूच विचारलं, "पण बदली मैंदर्गीलाच केलीया न्हवं पोरीची?"

"हो."

"मग असं करा की. 'पत्नी' तेवढं खोडा. बाकीचं ऱ्हाऊ द्या!"

शांताबाई आता उघड हसत होत्या. मलाही जरा हायसं वाटलं. म्हटलं, एवढ्यावर भागतंय वाटतं.

कसलं भागतंय! दुपारी आली सखूबाई पवार. करमाळ्याकडची. काखेत पोर, हातात पिशवी, आणि आवाज असा की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कप घेऊन आमच्या खिडकीत आली.

"कुटं हाय ती? विमल कुटं हाय?"

"कोण विमल, बाई?"

"माझी सवत! सरकारनं दिलीया की माझ्या मालकाला! कागुद आलाय घरी. शंकर पवार आन् त्यांची बायकू विमल शंकर पवार. मग मी कोण? आन् हे पोरगं कुणाचं?"

तिच्यामागं तिचा नवरा शंकर मास्तर भिंतीला चिकटून उभा. बिचाऱ्यानं विमलबाईंना जन्मात पाहिलं नव्हतं. त्या बाईंच्या वडलांचं नाव शंकर, एवढाच काय तो त्याचा गुन्हा! तो सारखा पुटपुटत होता, "आगं, मी सांगतोय न्हवं, मशिनीनं केलंय ते."

"मशिनीनं केलंय? मशिनीला कसं कळलं मग? तुमीच सांगितलं असंल!"

सांगा, या प्रश्नाला जगातल्या कुठल्या इंजिनियरकडं उत्तर आहे?

मी पुढं झालो. "ताई, चूक माझी आहे. यांचा काही दोष नाही."

"तुमचं लगीन झालंय का?"

"झालंय."

"मग तुमच्या बायकूला अशी सवत धाडू का घरी? चालंल का?"

खिडकीतली गिऱ्हाइकं एका सुरात म्हणाली, "न्हाय चालणार!"

त्या दोन दिवसांत कोण कोण आलं म्हणून सांगू! बापाशी लग्न लागलेल्या मुली आल्या. नावात नाव सारखं म्हणून आपली बायको दुसऱ्याच मास्तराला कशी दिली हे विचारायला एक नवरा आला. साठीला टेकलेले एक गुरुजी तर अगदी लाजत आले आणि म्हणाले, "आदेश चुकलाय हे कळतंय हो, पण बाई कोण आहेत ते तरी सांगा." भाऊसाहेबांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

जगदाळेसाहेब ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "बिराजदार, दुरुस्त होतंय, की मुंबईला कळवू?"

"दुरुस्त करतो साहेब."

घरी आलो तो तोंड एवढंसं करून. माझी बायको कुसुम स्वतः शिक्षिका. शहराबाहेरच्या एका सरकारी शाळेत शिकवायची. मी सगळं सांगितलं, तशी ती भिंतीला टेकून हसायलाच लागली. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली.

"अहो, लग्नात माझ्या नावातनं आप्पांचं नाव गेलं आणि तुमचं आलं. तुम्हीच तर हळदीच्या हातानं पाटीवर लिहिलंत! इतक्यात विसरलात?"

"आता हसू नकोस. उपाय सांग."

"त्यात काय? बायकांना विचारा. लग्न झालंय का, नवरा मास्तर आहे का, असला तर कुठल्या शाळेत. प्रत्येक शाळेत एक जोडकार्ड पाठवा, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं असतं ते. शाळा उत्तर देतील."

आणि दिली हो! काही उत्तरं पोस्टानं आली, काही एसटीच्या कंडक्टरच्या हाती. आमच्या टायपिस्ट मुली सुट्टीच्या दिवशी येऊन बसल्या. मी अटी नव्यानं लिहिल्या. खोकी घेऊन मुंबईला स्वतः गेलो, आणि छापील गठ्ठा मांडीवर घेऊन परत आलो. या वेळी एकेक जोडी भाऊसाहेबांबरोबर बसून तपासली. ते नाव वाचायचे, मी उत्तराशी ताडून बघायचो. शेवटचं पान उलटल्यावर भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "बिराजदार, एकही चूक नाही बरं का!" मी त्यांना तिथंच मिठी मारली. ते कसेबसे सुटले.

नवे आदेश गेले. मग आले कदम गुरुजी आणि त्यांच्या बाई. गुरुजी करमाळ्याच्या बाजूला आणि बाई अक्कलकोटच्या बाजूला, लग्न झाल्यापासून. मधे त्यांचं लहान पोरगं. बाई पेढ्यांचा पुडा पुढं करून म्हणाल्या, "साहेब, हा आपल्या बापाला पाहुणे म्हणायचा. 'आई, पाहुणे आले' म्हणून सांगायला यायचा." आणि रडायलाच लागल्या. पोरगं गुरुजींच्या खांद्यावर बसून पेढा खात होतं. मी पुड्यातला एक पेढा उचलून पोराच्या दुसऱ्या हातात दिला.

शिक्षकांनी माझा सत्कार ठेवला. शाळेचा हॉल गच्च भरलेला. सखूबाईसुद्धा आली होती, नवऱ्याला शेजारी घट्ट बसवून. साहेबांनी हार घातला. मला बोलायला सांगितलं, आणि मी काय सुटलो!

"मंडळी, या यंत्राला मेहुणा नाही, साडू नाही! याच्या दारात चिठ्ठी चालत नाही! उरलेल्या बदल्यांचे आदेशही याच यंत्रानं काढलेत, आजच पोस्टात पडलेत. आणि मी इथं शब्द देतो, एकाही आदेशात हातानं बदल होणार नाही. कुणीही येवो!"

टाळ्या! अहो, छपराला धक्का बसेल अशा टाळ्या! साहेब उभे राहून वाजवत होते. भाऊसाहेबसुद्धा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर कुसुम दारातच उभी. हातात सरकारी लिफाफा.

"भाषण फार छान झालं म्हणे तुमचं."

"झालं की! तुला कुणी सांगितलं?"

"शाळेत सगळ्यांना पाठ झालंय. हे घ्या."

मी वाचलं. श्रीमती कुसुम वसंत बिराजदार. बदली, नातेपुते.

नातेपुते! म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. मी कागद उलटा करून पाहिला. "असं कसं झालं?"

"ते तुम्हीच सांगायचं. अटी कुणी लिहिल्या?"

अटी मी लिहिल्या होत्या. जोडप्यांना जागा करून द्यायची तर कुणाला तरी उठवायला लागणार. म्हणून मी यंत्राला सांगितलं होतं, जिचा नवरा मास्तर नाही, ती बाई कुठंही जायला मोकळी. आणि माझ्या बायकोचा नवरा मास्तर कुठं होता? तो तर प्रोग्रॅमर! यंत्रानं अगदी बरोबर काम केलं होतं.

"मी उद्याच साहेबांशी बोलतो."

"खबरदार!" कुसुम म्हणाली. "काल अख्ख्या हॉलपुढं काय बोललात? कुणीही येवो! मी जाते नातेपुत्याला. शाळा चांगली आहे म्हणतात. तुम्ही इकडं भात लावायला शिका."

आणि गेली हो! पहिल्या शनिवारी ऑफिस सुटल्या सुटल्या मी एसटीत बसलो. एका हातात शेंगाचटणीचा डबा, दुसऱ्या हातात तिच्या साड्यांची पिशवी. नातेपुत्याला उतरलो तेव्हा कंबरेचा भुगा झाला होता. स्टँडवरच्या चहावाल्याला शाळेची वाट विचारली.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शाळेत कुणाकडं, पाव्हणं?"

"बिराजदार बाई आहेत ना नव्या. त्यांचा नवरा मी. सोलापूरला असतो, नोकरीला."

"आन् बाई हितं एकल्या?" त्याला माझी अशी काही दया आली, की त्यानं चहाचा कप स्वतः माझ्या हातात दिला. मग जवळ वाकून म्हणाला, "तुमी असं का न्हाय करत? तितं सोलापुरात कोण कंप्युटरवाला सायेब हाय म्हणं. लई भला माणूस! ताटातूट झालेली नवरा-बायकू जोडून देतो. त्याचं पाय धरा की जाऊन!"