तीस जूनचा शिरा

टेक्सासमधल्या फ्रिस्कोत आमच्या शेजारी राहणारे काका निवृत्त डॉक्टर होते आणि आमच्या ओळखीतले एकमेव शिकारी. ते आधी खाकरायचे, मग टोपी सरळ करायचे आणि विषय बंदुकीवर आणायचे. त्या टोपीवर ३०-०६ असं शिवलेलं होतं. मला ती त्यांच्या वाढदिवसाची तारीख वाटली. मी सहसा कुणाच्या दारात जात नाही, पण त्या तीस जूनला धीर करून शिरा घेऊन गेले.

"हॅपी बर्थडे, काका."

काकू हसायला लागल्या. "अगं, यांचा जानेवारीत असतो. ते काडतुसाचं नाव आहे."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. काका खाकरले, त्यांनी टोपी सरळ केली.

"तिचं काय चुकलं? थर्टी-थर्टी काडतुसात दुसरा आकडा बंदुकीच्या दारूच्या वजनाचा, यात तो १९०६ सालाचा. आधी सैन्यासाठी काढलं, मग हरणांच्या मागे लागलं. नावं देताना या लोकांनी कधी एकच नियम पाळला नाही."

आणि ते शिरा खायला बसले.

पुढच्या वर्षी तीस जूनला सकाळी फोन वाजला. आधी खाकरणं ऐकू आलं.

"काय गं, आज माझा बर्थडे ना?"

मी रवा आधीच भाजायला घेतला होता.