हॉटेल पास की नापास, हे नानाची कढई ठरवते

वाईट जेवणाचं एक बरं असतं. चांगलं जेवण माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो, वाईट जेवण मात्र किस्सा होऊन राहतं. नाशिकमध्ये हल्ली किस्स्यांचं पीक जोरात आहे. गंगापूर रोडला पूर्वी द्राक्षं पिकायची, आता हॉटेलं पिकतात, आणि दोन्हींवर फवारणी सारखीच.

आम्ही चौघं दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी नवं हॉटेल तपासायला जातो. मी, माझी बायको मंगल, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले भामरे आणि मखमलाबादला मळा असलेला उगले. भामरे मूळचे सटाण्याकडचे. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा जीव मुलीत, पल्लवीत, आणि उरलेला जिभेत.

आमची परीक्षा सोपी आहे. नाशिक रोडला नानाची गाडी आहे. पावात बटाट्याची भाजी भरून, अख्खा पाव बेसनात बुडवून तळतात, तो पाववडा तिथे मिळतो, सोबत तळलेली मिरची. हॉटेलातून निघाल्यावर आमच्या स्कूटर नानाकडे वळल्या, तर हॉटेल नापास. सरळ घरी गेल्या, तर पास.

आजवर एकही हॉटेल पास झालेलं नाही. नाना तर आम्हाला बघितलं की न विचारता चार पाव बुडवतो.

*

पहिला मान त्या काळ्या दगडवाल्यांचा. तिथे ताटं नाहीत, पाटीच्या दगडावर वाढतात. उगलेनं ‘गावरान प्लॅटर’ मागवलं. दगडावर ठेच्याचा एक ठिपका आला आणि बिस्किटाएवढ्या चार भाकऱ्या, एका रांगेत, शाळेतल्या पोरांसारख्या.

उगलेनं एक तोंडात टाकली, चावली, मान हलवली आणि वेटरला जवळ बोलावलं.

“नमुना चांगला हे,” तो म्हणाला. “आता जेवायची आण.”

*

दुसरीकडे मिसळ ‘ओपन’ करून देतात. म्हणजे मटकी एका वाटीत, फरसाण दुसऱ्या वाटीत, कांदा तिसऱ्या, आणि रस्सा औषधाच्या बाटलीएवढ्या काचेच्या नळीत. वेटर बिचारा पाठ केल्यासारखं सांगत होता, की आधी हे घ्या, मग ते घाला, मग हलक्या हातानं मिक्स करा, म्हणजे तुम्हाला मिसळीचा प्रवास कळेल.

मंगलनं शांतपणे ऐकून घेतलं.

“घरी मी रोज हाच प्रवास करते,” ती म्हणाली, “पण तिकडे कुणी उभं राहून कौतुक करत नाही.”

हे वाक्य वेटरसाठी नव्हतं, हे मला लगेच कळलं. मी मुकाट्यानं मटकी ओतली.

*

एका ठिकाणी पनीर टिक्का काचेच्या घुमटाखाली येतो. वेटर घुमट उचलतो, आतून भसाभस धूर निघतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक मोबाइल काढतात. आमच्या टेबलावर धूर निघाला तेव्हा भामरे खुर्ची मागे सरकवून बसले.

वेटरला वाटलं, काका खूश झाले. “सर, ॲपलवूडचा स्मोक आहे,” तो म्हणाला.

भामरे चिडले की सटाण्याला पोचतात. “मी सारी नोकरी धूरमा काढी,” ते म्हणाले. “आते पैसा दीसन धूर खाऊ का?”

धूर विरल्यावर खाली पनीरचे तीन तुकडे दिसले. आम्ही चौघं. हॉटेलवाल्यांनी गिऱ्हाईक मोजायचं सोडून दिलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

*

आता थोडं पुण्याबद्दल. मंगलचा भाऊ पुण्याचा. तिथली माणसं दुसऱ्या गावात जेवत नाहीत, तपासणी करतात. (आम्हीही करतो, पण आम्ही निदान आमच्याच गावात करतो.) त्याला आम्ही प्रेमानं मिसळ खायला नेलं. नाशिकच्या रिवाजाप्रमाणे मिसळीबरोबर पापड आला. त्यानं पापड दोन बोटांत धरला, उजेडात पाहिला आणि विचारलं, “हा कशासाठी?”

मंगल भाऊबिजेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

*

एका मॅनेजरनं बिलाबरोबर टॅब आणून दिला. “सर, प्लीज रिव्ह्यू टाका.” भामऱ्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. मॅनेजर मागे उभा राहून वाचत होता. जसजसं वाचत गेला, तसतसा त्याचा चेहरा पडत गेला.

“सर, हे काढा ना. आमच्याकडून एक डेझर्ट घ्या, कॉम्प्लिमेंटरी.”

भामऱ्यांनी टाइप करणं थांबवलं. डेझर्ट आलं. त्यांनी ते सावकाश, चमचा चाटून पुसून संपवलं. मग टॅब पुन्हा जवळ ओढला आणि मजकुरात डेझर्टबद्दल दोन ओळी वाढवल्या.

*

अशा माणसाच्या मुलीनं हॉटेल काढलं.

पल्लवी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकली, मुंबईला मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये होती. ती नोकरी सोडून नाशिकला आली आणि गंगापूर रोडला स्वतःचं रेस्टॉरंट सुरू केलं. खानदेशी जेवण, पण तिच्या पद्धतीनं. उद्घाटनाला तिनं आम्हाला हात जोडून सांगितलं होतं, “आज नाही. हात बसू दे, मग मीच बोलवेन.” दोनेक महिन्यांनी बोलावलं आणि दारातच म्हणाली, “काका, मला त्या मोबाइलवरचे स्टार नकोत. तुमच्या स्कूटर नानाकडे वळायला नकोत, बस्स.”

भामरे त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दुसऱ्यांच्या हॉटेलात ते पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात. इथे ते आपल्या ताटाकडे न बघता आमच्या तोंडाकडे बघत होते. इतका घाबरलेला माणूस मी कुठल्याही टेबलावर पाहिलेला नाही.

जेवण वाईट नव्हतं. धूर नव्हता, दगड नव्हता. भरीत तर खरोखर चांगलं होतं, पण ताटाचा काठ केवढा रुंद आणि भरीत मध्ये केवढंसं. खापरावरचा मांडा, म्हणजे खानदेशी पुरणपोळी, धोतरासारखा पसरट असतो, तो इथे रुमालासारखी घडी घालून आला, वर आइस्क्रीम. मंगल म्हणाली, “छान आहे गं.” भावजयीची साडी बघून ती ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात.

बाहेर आलो. भामरे स्कूटरची किल्ली हातात धरून उभे राहिले.

“माझं तं लय भरलं बुवा,” उगले म्हणाला. “आता संध्याकाळी पण नाय जेवत.”

“आम्ही पण सरळ घरी,” मी म्हणालो. मंगलनं ढेकर देण्याचाही प्रयत्न केला.

भामऱ्यांचे डोळे भरून आले. “मग पास?” त्यांनी विचारलं.

“पास,” आम्ही तिघं एकदम म्हणालो, आणि मला मनापासून बरं वाटलं.

घरी आलो. मंगलनं चहाचं आधण ठेवलं, बंद केलं, पुन्हा ठेवलं. मी पेपर उघडला. मग ती म्हणाली, “भाजी आणायला हवी.” फ्रिजमध्ये उगलेच्या मळ्यातली भाजी ठासून भरलेली होती. मी पिशवी घेतली.

नानाच्या गाडीला पाठ करून एक माणूस उभा होता. वळला, तर उगले. गाल फुगलेला.

“मिरचीपुरता थांबलो,” तो म्हणाला.

आम्ही भाजीची पिशवी दाखवली. तेवढ्यात समोरून ओळखीची स्कूटर आली, इस्त्रीच्या शर्टासकट. भामऱ्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही त्यांना पाहिलं. स्कूटर वळवावी असं त्यांना वाटलं असणार, पण मागून रिक्षा लागली होती. ते उतरले आणि खाली मान घालून उभे राहिले. मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

“बाबा, इकडे सावलीत या,” गाडीच्या पलीकडून आवाज आला.

बाकड्यावर पल्लवी बसली होती. अंगात शेफचा पांढरा कोट, हातात अर्धा पाववडा, मांडीवर कागदात मिरच्या. ती सरकली आणि मंगलला जागा करून दिली.

नानानं आणखी चार पाव बेसनात बुडवले.

“ताईचं तर या टायमाला रोजचं आहे,” तो म्हणाला. “आज तुम्हीच उशीर केला.”