पहिली ओंजळ

आज मोटारीच्या वायंडिंगला वार्निश देताना तो उग्र वास नाकात भरला आणि मी थेट खुटबावच्या त्या विहिरीवर जाऊन उभा राहिलो.

आप्पा आता मंत्री आहेत. तेव्हा दौंडमध्ये त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं आणि मी त्यांचा मिस्त्री. नवी मोटार चालू झाली, की पहिली ओंजळ मिस्त्रीनं प्यायची आणि दुसरी मालकानं, म्हणजे आप्पांनी, अशी आमची रीत. त्या दुपारी मी बटण दाबलं, पण पाइपातून आली नुसती करंगळीएवढी धार. मी वायरी उलट्या जोडल्यानं मोटार उलटी फिरत होती. शेतकऱ्याचं तोंड उतरलं.

"चूक माझी हाय," आप्पा त्याला म्हणाले. "घाई मीच केली."

वायरी बदलल्यावर पाणी भसाभसा आलं. मी लाजून मागंच उभा. आप्पांनी ओंजळ भरून माझ्यापुढं धरली.

"तुझा मान हाय मिस्त्री. पी आधी."

त्या गढूळ पाण्याला त्यांच्या हाताच्या वार्निशाचा वास होता. तेव्हा नाक मुरडून प्यालो. आज त्याच ओंजळीसाठी जीव तुटतो.

परवा आप्पा पाणीयोजनेच्या उद्घाटनाला आले. तिथली मोटार मीच बसवलेली. त्यांनी बटण दाबलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी सीलबंद बाटली पुढं केली. ती पिऊन ते गाडीत बसले.

मी पाइपाशी जाऊन पहिली ओंजळ प्यालो. दुसरी भरली आणि गाड्यांचा धुरळा बसेपर्यंत तशीच धरून उभा राहिलो.