गडग्याकडची माती

जानकी माझी धाकटी जाऊ. ती कायम मूग गिळून, आणि मी पडले तोंडाळ. एका चुलीवर दोघी, म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच. तिला स्वतःचं घर हवं होतं. खरं सांगते, मलाही ती वेगळी व्हायला हवी होती.

सत्तावन्न साली तिचा नवरा सत्यवान बोटीवरून रजेवर आला आणि बाबली मेस्त्रीला घेऊन मागच्या माडांत गेला. आमच्याकडे पाया काढण्याआधी हातभर खड्डा खणतात आणि तीच माती परत आत भरतात. माती उरली तर जागा बरी. कमी पडली तर तिथे चूल पेटवायची नाही.

मेस्त्रीने विहिरीकडे खणलं, माती कमी. पाणंदीकडे खणलं, तिथेही कमी. मग तो हद्दीच्या दगडी गडग्याजवळच्या कोपऱ्याकडे वळला.

तिथे जानकीचं पहिलं बाळ होतं. बारशाआधीच गेलं. सत्यवान तेव्हा बोटीवर. भर पावसात दर्याकडे जाववेना, म्हणून मामंजींनी त्याला तिथेच पुरलं, आणि लोक जागेला नावं ठेवतील म्हणून वाळूत पुरल्याचं सांगितलं. मामंजी गेल्यावर हे आम्हा दोघींनाच ठाऊक. सत्यवान बिचारा दर रजेला किनाऱ्यावर जाऊन उभा राहायचा.

आता सांगावं, तर घर गेलं. न सांगावं, तर बाळावर घर. मी जानकीकडे बघितलं. मेलं त्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

“हयच खणा,” ती म्हणाली.

हातभरच खणलं. माती भरली, दाबली, तरी ओंजळभर उरली.

“बरी जागा गावली!” मेस्त्री खूश.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उरलेली माती जानकीने हाताने सारखी केली आणि भात शिजत घालायला आत गेली.

घर झालं. पाया त्या जागेच्या भोवतीने गेला, मधली जमीन नुसती चोपली. तिथे झोपायची खोली आली.

पुढच्या रजेत, परत निघायच्या आदल्या दिवशी सत्यवानाने नेहमीसारख्या वहाणा घातल्या. जानकी ती खोली सारवत होती.

“खंय चल्लात?”

“दर्यार. जावन येतंय.”

“थंय नाय तो,” ती खाली बघतच म्हणाली. “हय आसा.”

सत्यवानाने वहाणा काढल्या आणि ओल्या जमिनीवर बसला. तो बसला तेवढी जागा सोडून तिने बाकीचं सारवलं.