ताई सानिकाच्या घरी चहा पिऊन गेल्या

मंडळी, आज दुपारी आमच्या गल्लीत विधानसभेच्या उमेदवार ताई प्रचाराला आल्या होत्या. त्यांच्या बहिणीचं लहानपणीच लग्न लावलं आणि ती पहिल्या बाळंतपणात गेली. म्हणून ताई राजकारणात उतरल्या. बालविवाहाविरुद्धचं त्यांचं भाषण ऐकूनच मी त्यांच्यासाठी मतं मागत फिरतेय.

आमच्या शेजारच्या नववीतल्या सानिकाचं लग्न ठरलंय. मी म्हटलं, "ताई, तिच्या वडिलांशी बोला की."

त्या हळूच म्हणाल्या, "निवडणूक होऊ दे. त्यांच्या भावकीची मतं लई हायत."

"पण लग्न त्याच्या आधीच हाय!"

ताईंनी सानिकाच्या घरी चहा घेतला, हात जोडले आणि निघाल्या.

सानिका धावत माझ्याकडे आली. "काकू, बोलल्या का वो त्या?"

मी हेल्पलाइनला फोन केलाय. पण उद्या कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं मत मागू?